उम्म सालेहच्या शेळ्या आणि हाजींची जुनी वाट

गल्फमधून कायमचा परत आलेल्या माणसाला गावात दोन प्रश्न ठरलेले असतात. आता पुन्हा जाणार नाही ना, आणि तिकडे तेलाच्या कंपनीत होतात का. पहिल्याला मी नाही म्हणतो, ते सगळ्यांना पटतं. दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं तर कुणाला पटत नाही. शेवटची काही वर्षं मी सौदीच्या डोंगरांत जुनी पायवाट शोधायचं काम करत होतो, असं सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे, सलमाकडे. ती चहाचे कप ठेवत म्हणते, ‘‘खरं आहे ते. वाट शोधायचे आणि शेळ्या विकत घ्यायचे.’’

तर हे एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं.

मी सर्व्हेअर. रस्त्याच्या कडेला तिपाईवर यंत्र ठेवून एक डोळा मिटून बघणारा माणूस तुम्हाला दिसतो ना, त्यातला एक. श्रीवर्धनच्या बाजूच्या आमच्या गावातून निघालो तो यान्बूला पोहोचलो. यान्बू म्हणजे तांबड्या समुद्रावरचं बंदर. रिफायनऱ्या, कारखाने, आणि त्यांच्यामध्ये आमचे कॅम्प. कॅम्पात रत्नागिरी-रायगडची इतकी माणसं, की शुक्रवारी मासळीबाजारात भाव करताना आपल्याच तालुक्यातला कुणीतरी मागून टपली मारायचा. तिथे मी पाइपलाइनी आखल्या. पाइपलाइनीचं काम सोपं असतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचं, मध्ये टेकडी आली तर ती कापायची. वाळवंटात कुणी ‘आमचं आंब्याचं झाड वाचवा’ म्हणत आडवं येत नाही.

पुढे कंपनीकडे काम कमी झालं आणि त्यांनी मला एका नव्या प्रकल्पाला उसना दिला. प्रकल्प असा, की किनाऱ्यापासून आतल्या डोंगराकडे जाणारी हज यात्रेकरूंची एक जुनी वाट शोधून काढायची आणि हल्लीच्या हौशी पदयात्रींसाठी ती चालण्याजोगी करायची. गाड्या आणि विमानं यायच्या आधी आफ्रिकेतून यात्रेकरू गलबतांनी या किनाऱ्यावर उतरायचे आणि मदिनेकडे चालत निघायचे. त्यातले काही तर आधी अख्खी आफ्रिका पायी तुडवून आलेले असत. वाटेत कामं करायची, पोटापुरतं मिळवायचं आणि पुढे सरकायचं, असं करत घरून निघालेला माणूस इथे पोहोचेपर्यंत त्याची मुलं मोठी झालेली असत. हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी दोन वर्षांनी सुट्टी मिळते म्हणून कुरकुरत होतो. ती कुरकुर मी त्या दिवशी बंद केली.

आमची प्रमुख होती हनान. जेद्दाची, तिशीतली, पुरातत्त्व शिकलेली आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी चालणारी. मी पहिल्यांदा सौदीत आलो तेव्हा बाईच्या हाताखाली काम करीन असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. ती मला ‘अम्म इस्माईल’ म्हणायची, म्हणजे इस्माईलकाका. काका म्हणून मान द्यायची आणि यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत दिवसभर पळवायची.

जुनी वाट शोधायची कशी, हे सांगतो, कारण मला स्वतःला त्याचं फार कुतूहल होतं. उपग्रहाचे फोटो असतात, ड्रोन असतं, पण ती फक्त संशय दाखवतात. खात्री जमिनीवर करावी लागते. तिकडच्या दगडांची उन्हाकडची बाजू वर्षानुवर्षांत काळपट पडते आणि जमिनीकडची फिकट राहते. माणसं आणि उंट चालून चालून दगड हलतात, उलटतात, कडेला सारले जातात. त्यामुळे सकाळी ऊन तिरपं असताना उंचावर उभं राहिलं तर काळ्या माळावर एक फिकट पट्टा दिसतो. दुपारी त्याच जागी उभे राहा, काही नाही. उंट एकामागे एक आणि शेजारी शेजारीही चालतात, म्हणून हा पट्टा कुठे रुंद होतो, तर अवघड जागी आवळतो. कडेला फुटक्या मडक्यांचे तुकडे सापडतात. आणि थडगी. चार दगड डोक्याशी, चार पायाशी, नाव नाही. ती दिसायला लागली की समजायचं, वाट बरोबर आहे.

वाट सापडली की तिच्यावर कमीत कमी काम करायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. मला तो पाळणं फार जिवावर यायचं. आमच्या कोकणात पाखाडी बांधतात, जांभ्याच्या पायऱ्यांची, तशी दोन-चार ठिकाणी बांधून टाकावी म्हणून माझे हात शिवशिवायचे. हनान म्हणायची, पायऱ्या बांधल्या तर लोक तुमच्या पायऱ्या बघतील, हाजींची वाट बघणार नाहीत. म्हणून आम्ही फक्त दगडांच्या लगोऱ्या रचल्या, एका लगोरीपाशी उभं राहिल्यावर पुढची दिसेल अशा. पूर्वीच्या लोकांनीही तेच केलं होतं. काही ठिकाणी आम्ही लगोरीसाठी जागा ठरवायचो आणि तिथे आधीचीच एक ढासळलेली पडलेली असायची. अशा वेळी मला आपल्या हुशारीचा उगीचच अभिमान वाटायचा.

आता खरी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी वाटेला दोन फाटे होते. खालचा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जायचा, सपाट आणि सोपा. तिथे गाडी येते, आणि एका व्यापाऱ्याला तिथे वातानुकूलित तंबू ठोकायचे होते. वरचा फाटा म्हणजे खरी जुनी वाट. ती चढून एका खिंडीतल्या विहिरीपाशी जायची. विहिरीजवळ बोरीची मोठी झाडं. बोरीला अरबीत सिदर म्हणतात, म्हणून वाडीचं नाव सिदरा. वाडीत मोजकी घरं, आणि त्यातल्या माणसांचे पूर्वज याच वाटेने आफ्रिकेतून आलेले. कुणी आजारी पडून राहिलं, कुणी परतीची ताकद संपली म्हणून राहिलं. आता ती मंडळी भाषेने, कपड्याने, चालीरीतीने पक्की तिथलीच. फक्त वर्ण काळा, आणि सोयी कमी. तरुण पोरं कामाला यान्बूला गेलेली.

वाटेवरच्या गावांना चार पैसे मिळावेत, हा प्रकल्पाचा मुख्य उद्देश होता. पदयात्री वाडीत उतरतील, जेवतील, राहतील, वाडीवाले पैसे घेतील, असा सरळ हिशेब. रियाधच्या कार्यालयाने सांगितलं, हा हिवाळा वरून माणसं नेऊन बघा. वाडीला फायदा झाला तर वाट वरून, नाही तर खालून. एकदा खालून ठरली की वर कोण कशाला चढतंय? विहीर, थडगी आणि सिदरा, सगळं कायमचं बाजूला पडणार.

वाडीत पहिलं घर उम्म सालेहचं. उम्म सालेह म्हणजे सालेहची आई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच हाक मारतात, तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सालेह यान्बूच्या एका कारखान्यात ऑपरेटर. घरी ती, तिचे थकलेले दीर आणि शेळ्यांचं खांड. बाई उंच, आवाज भरदार, आणि स्वभाव असा की सांगितलेलं ऐकणार, करणार मात्र स्वतःच्या मनाचं.

पहिला गट आला तेव्हा तिने बोकड कापला. भल्या मोठ्या परातीत भात, त्यावर मांस, बाजूला खजूर, ताक. पाहुणे खूश. निघताना गटाच्या प्रमुखाने पैसे पुढे केले, तर दिरांनी हात मागे घेतला आणि उम्म सालेहने दारामागूनच मला विचारलं, हे काय आहे? मी समजावलं, आपलं ठरलंय ना. ती म्हणाली, बिछान्याचं ठरलं असेल, जेवणाचं कुठे ठरलं होतं. बरं, बिछान्याचे घ्या. तर म्हणे, जो माझ्याकडे जेवला त्याच्याकडून झोपण्याचे पैसे घेऊ?

दुसरा गट आला, दुसरा बोकड. तिसरा गट आला. मी एकदा परातीखाली पाकीट ठेवून सटकलो, तर संध्याकाळी दिरांनी पिकअप काढून ते माझ्या तंबूवर आणून दिलं, आणि पुढच्या खेपेला बाई माझ्याशी मोजकंच बोलली. मी हात टेकले. हनानचेही अहवाल अवघड होऊन बसले. पाहुण्यांची दाद उत्तम, वाडीची कमाई शून्य.

येणाऱ्यांत नमुने काय कमी होते? एकजण खिंडीत पोहोचल्यावर वायफाय मागायचा. एक फ्रेंच आजोबा प्रत्येक लगोरीचा फोटो काढायचे, त्यांना घेऊन निघालं की जेवण हमखास थंड. पण मला आठवते ती एक नायजेरियन नर्स. यान्बूच्या इस्पितळात नोकरीला होती. वाटेतल्या थडग्यांपाशी ती इतका वेळ बसली की बाकीचे पुढे निघून गेले आणि मी एकटा तिच्यासाठी थांबलो. वाडीत आल्यावर ती बायकांमध्ये बसली आणि तिच्या हौसा भाषेतलं एक अंगाईगीत गुणगुणली. उम्म सालेह दाराशी थबकली. तिला ती भाषा येत नव्हती, पण ते गाणं येत होतं. तिच्या सासूने सालेहला त्यावर निजवलं होतं. अर्थ तिला त्या दिवशी नर्सने सांगितला. गाण्यात फार काही नव्हतं, बाळा झोप, तुझा बाप पाणी आणायला गेलाय, एवढंच.

त्या दिवशी उम्म सालेहने सासरची कहाणी सांगितली. नवऱ्याचे पणजोबा बायकोसह याच वाटेने आले. तापाने फणफणलेले, जवळ काही नाही. तेव्हा खिंडीत फक्त विहीर होती आणि एका बदू, म्हणजे भटक्या अरब कुटुंबाचा तंबू. त्या तंबूतल्या लोकांनी त्यांना खाऊ घातलं, बरं केलं, आणि एकदाही कुठून आलात, किती दिवस राहणार, असं विचारलं नाही. पुढे ते कुटुंब कळप घेऊन निघून गेलं, विहीर यांच्या हवाली करून. आता त्यांचे वंशज कुठल्या शहरात आहेत कुणाला ठाऊक नाही. नर्स ऐकत होती आणि डोळे पुसत होती. मीही ऐकत होतो, पण खरं सांगतो, माझं लक्ष तेव्हा अंगणातल्या कुंपणाकडे होतं. हिवाळा सुरू झाला तेव्हा ते शेळ्यांनी गजबजलेलं असायचं. आता त्यात ऐसपैस जागा झाली होती. बोकड संपले होते आणि तिने त्या दिवशी दुभती सोडून बाकीतली एक शेळी कापली होती.

त्याच आठवड्यात सालेह मला भेटायला कॅम्पवर आला. जुम्म्याच्या नमाजानंतर फाटकाशी गाडी लावून उभा. मुलगा शांत, अदबीने बोलणारा. चहा घेतला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग म्हणाला, ‘‘अम्म इस्माईल, तुमच्या पाया पडतो, वाट खालून न्या.’’

मी म्हटलं, अरे, आम्ही तुमच्यासाठीच तर वरून नेतोय.

‘‘माझी आई शेवटची शेळी असेपर्यंत कापत राहील,’’ तो म्हणाला. ‘‘आलेल्याला ती नाही म्हणणार नाही, आणि मी तिला नाही म्हणू शकत नाही. तुम्ही माणसं आणणं थांबवा. शेळ्या गेल्या तर ती तिथे काय करेल?’’

गाडी गेल्यावर मी बराच वेळ फाटकाशीच उभा राहिलो. ज्यांचं भलं करायला निघालो त्यांच्या घरचा मुलगाच हात जोडत होता. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, त्या बाईच्या हट्टाचा. पैसे घेतले असते तर बिघडलं काय असतं? मग आठवलं, आमच्या आईने कधी पाहुण्याकडून पैसे घेतले असते का? भाड्याने खोली देणं वेगळं, आणि ताटावर बसवल्यावर बिल देणं वेगळं. सिदऱ्याच्या लोकांना खोली भाड्याने देणं ठाऊकच नव्हतं. त्यांच्याकडे आलेला माणूस थेट ताटावरच बसायचा.

उत्तर मिळालं ते एका लग्नात. खालच्या खोऱ्यात एका बदू सरदाराच्या मुलाचं लग्न होतं, आम्हालाही आमंत्रण. मांडवात बसून बघतो तर एकामागून एक पिकअप येतायत आणि प्रत्येकात एक-दोन मेंढे. पाहुणा उतरतो, मेंढा यजमानाच्या स्वाधीन करतो, मोठ्याने दोन चांगले शब्द बोलतो आणि जेवायला बसतो. यजमान नको नको म्हणत नाही. मी शेजारच्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, याला रिफ्द म्हणतात. ज्याच्या घरी पाहुण्यांचा भार आहे त्याला खांदा द्यायचा. मी विचारलं, ही जेवणाची किंमत झाली का? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी पटकन भाताकडे वळलो.

माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. हा तर आपला आहेर. आहेर कुणी परत करत नाही, आणि आहेराला कुणी किंमत म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हनानला सांगितलं, प्रत्येक गटाने वर जाताना एक शेळी न्यायची. बोकड नाही. बोकड नेला तर बाई तोच कापेल आणि पुन्हा आपले आधीच्याच जागी. शेळी न्यायची आणि तीही गाभण. गाभण शेळीवर कुणी सुरी चालवत नाही. हनान आधी पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, ‘‘खलास, ठरलं.’’ कार्यालयाने विचारलं, शेळी कुठल्या सदराखाली दाखवायची? तिने ‘वाटेवरील साहित्य’ असं लिहून पाठवलं आणि आश्चर्य म्हणजे ते मंजूर झालं.

मग मी जनावरांच्या बाजारात जायला लागलो. आयुष्यभर यंत्रातून बघितलेला माणूस शेळीचं पोट चाचपून बघू लागला. सलमाचा फोन आला तेव्हा मी बाजारातच होतो. मागून बें बें ऐकून तिने विचारलं, काय करताय? मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘शेळ्याच घ्यायच्या होत्या तर सौदीला कशाला गेलात? इथे काय कमी आहेत?’’

पहिली शेळी न्यायला नेमकं कोण यावं? अल-खोबरहून आलेलं साठे कुटुंब. साठेसाहेब इंजिनियर, बायको मृणालताई, आणि बारा-तेरा वर्षांची ऋचा. मराठी माणसं वाटेवर येणार म्हणून मला कोण आनंद. पायथ्याशी भेटल्यावर कळलं, तिघंही शाकाहारी. माझ्या पाचावर धारण बसली. मी वाडीतल्या एका मुलाच्या हाती उम्म सालेहला निरोप धाडला. उलट निरोप आला, बिचारे आजारी आहेत का?

चढताना शेळीची दोरी ऋचाच्या हातात. साठेसाहेब घाई करायला लागले की ती म्हणायची, ‘‘बाबा, शी इज प्रेग्नंट, डोन्ट पुल हर.’’ मृणालताई मला हळूच म्हणाल्या, ‘‘इस्माईलभाई, घरी ही पोरगी स्वतःचं ताट उचलत नाही.’’ शेळी आमच्या सगळ्यांपेक्षा मजेत चढली. खिंडीत पोहोचेपर्यंत दम लागला तो आम्हालाच.

उम्म सालेह अंगणात उभी होती. तिने शेळीकडे पाहिलं, पोटावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

‘‘ही तुझी युक्ती,’’ ती मला म्हणाली.

मी म्हटलं, युक्ती कसली, तुमच्याकडचीच रीत आहे, रिफ्द.

‘‘रिफ्द लग्नाला देतात. माझ्या घरी कुणाचं लग्न आहे?’’

साठेसाहेब शेळीच्या दोरीकडे बघत उभे. मृणालताईंना अरबी येत नव्हतं, पण बाईचा आवाज कळला. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. तेव्हा मृणालताई सरळ तिच्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, ‘‘मोठ्या बहिणीच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातांनी कसं यायचं?’’ मी ते अरबीत सांगितलं, जसंच्या तसं. उम्म सालेहने ऋचाच्या हातातून दोरी घेतली.

जेवणाचा पेच उरला होताच. पाहुण्याला मांस न घालणं म्हणजे तिच्या घराची नाचक्की. ती दोनदा आत-बाहेर करून आली. शेवटी तिने घरातलं रोजचं जेवण वाढलं, पाहुण्यांपुढे कधी न आणलेलं, आणि वाढताना दहा वेळा माफी मागितली. बाजरीच्या पिठाची घट्ट उकड, तिला असीदा म्हणतात, आणि वर वाळवलेल्या भेंडीच्या पुडीचं बुळबुळीत कालवण. पणजोबांच्या मुलखातून आलेलं जेवण. साठ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ही तर आमची बाजरी. मृणालताईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. गावाकडे आम्हीही भेंडी वाळवायचो, असं त्या म्हणाल्या, आणि मग दोघी बायका भाषेवाचून स्वयंपाकघरात शिरल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर शेळ्या येत राहिल्या. कुणी फोटो काढत आणली, कुणी कुरकुरत. एका गटाची शेळी वाटेतच व्याली आणि त्यांनी करडू आळीपाळीने उचलून वर नेलं. कुंपण हळूहळू पुन्हा भरू लागलं. सालेह सुट्टीला आला की मोजदाद करायचा आणि मला सलाम करायचा, पण वाट खालून न्या हे त्याचं म्हणणं काही सुटलं नव्हतं. तुमचा प्रकल्प संपला, शेळ्या येणं थांबलं, आणि माणसं मात्र येत राहिली तर? असं तो विचारायचा. प्रश्न चुकीचा नव्हता.

हिवाळा सरला आणि रियाधहून मुदीरसाहेब, म्हणजे संचालक, निर्णय घ्यायला आले. खालच्या फाट्याने गाडीने जाऊ, असं त्यांचं म्हणणं. हनानने त्यांना वरून चालवलं, आणि नियम सर्वांना सारखा म्हणून शेळीही घ्यायला लावली. साहेबांनी दोरी ड्रायव्हरच्या हाती दिली. पांढऱ्या शुभ्र झग्याखाली नवे बूट घालून ते पुढे, मागे ड्रायव्हर, त्याच्यामागे शेळी, अशी ती मिरवणूक खिंडीत पोहोचली. सालेह रजा काढून आला होता. मला वाटतं, तो साहेबांना स्वतःच सांगणार होता.

जेवण झालं. मांस, भात, सगळं यथासांग. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, कॉफी फिरत होती. साहेबांनी दिरांना विचारलं, या वाटेने तुम्हाला किती मिळालं? दीर म्हणाले, काही नाही. साहेबांनी हनानकडे पाहिलं. हनान काही बोलणार एवढ्यात सालेह म्हणाला, ‘‘साहेब, वाट खालून जाऊ दे. आमच्या घरच्या शेळ्या वाचतील.’’

एवढा हिवाळाभर केलेलं सगळं त्या एका वाक्यावर आलं होतं, आणि ते वाक्य खोटं नव्हतं.

तेवढ्यात दारामागून उम्म सालेहचा आवाज आला. ती रागावलेली नव्हती. तिने विचारलं, ‘‘सालेह, शेळ्या वाचवून मी काय करू?’’

मग तीच पुढे बोलू लागली.

‘‘तुझ्या बापाच्या पणजोबांना या विहिरीवर ज्यांनी खाऊ घातलं, ते कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांना परत काय देऊ? इतकी वर्षं मी शेळ्या पाळल्या आणि या वाटेने कुणी आलं नाही. माझं वय झालं. आता कुठे माणसं यायला लागलीत. वाट खाली गेली तर उद्याच सगळ्या विक. मी तुझ्याकडे यान्बूला येते. कुणी येणारच नसेल तर मला शेळ्या कशाला हव्यात?’’

आईला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच सालेहने आजवर धरलं होतं. मीही तेच धरून चाललो होतो. मी पोट चाचपून चाचपून गाभण शेळ्या आणल्या त्या कळप वाचावा म्हणून, आणि तो कळप तिने आयुष्यभर पाहुण्यांसाठीच सांभाळला होता.

मुदीरसाहेबांनी हातातला कॉफीचा रिकामा कप दोनदा हलवला, म्हणजे पुरे, आता नको. मग ते हनानला म्हणाले, ‘‘वरची वाट धरा.’’ कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

सगळे आवरायला उठले. सालेह मात्र बाहेर गेला. थोड्या वेळाने मी बघितलं, तो अंगणात वाकून कुंपणाची एक बाजू दगड काढून मोकळी करत होता. मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, ‘‘जागा कमी पडेल, अम्म इस्माईल. पुढच्या हिवाळ्यात बरेच लोक येतील.’’

मी बाह्या वर केल्या आणि त्याच्या हातातून एकेक दगड घेऊ लागलो.